पडदा आणि पटांगण

इंग्लंडात शनिवारी दुपारी पावणेतीनपासून सव्वापाचपर्यंत फुटबॉलचा सामना दूरचित्रवाणीवरून थेट दाखवावयाचा नाही, असा एक दंडक साठांहून अधिक वर्षे चालत आलेला आहे. चषकाच्या अंतिम सामन्यासारखा एखादा अपवाद सोडला, तर हा मज्जाव आजही कायम आहे. आणि त्याचा विलक्षण परिणाम असा, की ज्या गावात सामना चालू असतो त्या गावच्या रहिवाशाला घरी बसून जो खेळ पाहता येत नाही, तोच खेळ अकोल्याच्या जठारपेठेतील एखादा महाविद्यालयीन तरुण संध्याकाळी साडेसातला, किंवा तिकडे हिवाळ्याचे घड्याळ लागले म्हणजे साडेआठला, हातातल्या मोबाइलवर निर्वेधपणे पाहत असतो. युरोपच्या फुटबॉल महासंघाने आपल्या सदस्य-संघटनांना आठवड्याच्या अखेरीस असे अडीच तास राखून ठेवण्याची मुभा दिलेली आहे. परंतु तिचा लाभ घेणारे देश आता अगदी थोडे उरले आहेत. मग हा निर्बंध म्हणजे एका गतकाळाचा अवशेष, की क्रीडासंस्कृतीच्या रक्षणाची एक विचारपूर्वक केलेली तजवीज?

हा प्रश्न वऱ्हाडच्या वाचकाला दूरचा वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही, हे माझ्या परिचयाच्या दोन गृहस्थांमध्ये एका शनिवारी अमरावतीच्या अंबापेठेत झालेल्या संभाषणावरून माझ्या ध्यानी आले. एक अमरावतीचे निवृत्त क्रीडाशिक्षक. दुसरे अकोल्याच्या न्यायालयात उभी हयात काढलेले वकील. दोघे एकमेकांचे व्याही, दोघेही खेळाचे निस्सीम भोक्ते, आणि म्हणूनच मतभेदाला भीड न घालणारे. त्यांचे संभाषण मी जमेल तितक्या विश्वासूपणे पुढे मांडतो आणि शेवटी माझा कौल देतो.

अमरावतीकर : वकीलसाहेब, हा निर्बंध कोणी आणि कशासाठी घातला ते आधी पाहू. सप्टेंबर १९६० मध्ये ब्लॅकपूल आणि बोल्टन यांचा साखळी-सामना तिकडच्या दूरचित्रवाणीने थेट दाखविला, आणि लागलीच संघचालकांच्या मनात धास्ती निर्माण झाली, की घरबसल्या खेळ दिसू लागला तर पावसात, थंडीत, तिकिटाचे पैसे मोजून मैदानावर येणार कोण? बर्न्लीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड हे या मज्जावाचे मोठे पुरस्कर्ते. धंद्याने खाटीक, स्वभावाने करारी. त्यांनी आपल्या मैदानात बीबीसीच्या कॅमेऱ्यांनाही कित्येक वर्षे पाऊल टाकू दिले नाही. त्यांचे म्हणणे साधे होते : बड्या संघांचा सामना पडद्यावर आला, तर नुकसान त्या बड्या संघांचे होणार नाही, ते होईल तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील, दरवाजावरच्या वसुलीवर जगणाऱ्या गरीब संघांचे. बलिष्ठांनी दुर्बळांसाठी आपल्या लाभाला स्वतःहून घातलेली ही मर्यादा आहे, आणि म्हणून मला ती आदरणीय वाटते.

अकोलेकर : हेतू आदरणीय असेल, गुरुजी, पण हेतू शुद्ध असला म्हणजे हुकूम न्याय्य ठरतोच, असे आमच्या शास्त्रात नाही. ज्याने मनाई करावयाची, त्यानेच त्या मनाईची आवश्यकता सिद्ध करावयाची असते. जर्मनीत शनिवारी दुपारी साडेतीनचे सामने वर्गणीदारांना थेट दाखविले जातात आणि तरीही तिकडची मैदाने फुलून गेलेली असतात. युरोपीय न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. पोर्ट्समथ येथील एका मद्यगृहाच्या चालक बाईंनी ग्रीसच्या वाहिनीचे कार्ड आणून हेच निषिद्ध सामने आपल्या गिऱ्हाइकांना दाखविले, म्हणून त्यांच्यावर फिर्याद झाली. त्या प्रकरणात न्यायालयाच्या महाधिवक्त्या कोकॉट यांनी स्पष्ट शंका व्यक्त केली, की असे बंद तास पाळल्याने मैदानावरची उपस्थिती खरोखर वाढते काय. आणि दाखला दिला तो जर्मनीचाच. पुढे ४ ऑक्टोबर २०११ रोजी न्यायालयाने, परदेशी कार्ड विकत घेण्यास सरसकट बंदी घालणे हे सेवांच्या मुक्त संचाराच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा निर्णय दिला.

अमरावतीकर : तो निर्णय व्यापाराच्या स्वातंत्र्याविषयी होता, मैदानाच्या आयुष्याविषयी नव्हता. आणि जर्मनीचे म्हणाल, तर तिथली मैदाने भरतात याची कारणे निराळी आहेत. तिथे संघाच्या कारभारात सभासदांच्या हाती बहुमत राहावे असा नियम आहे, उभ्याने खेळ पाहण्यासाठी स्वस्त तिकिटे आहेत, आणि संघ हा आपला आहे ही भावना पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली आहे.

अकोलेकर : म्हणजे आपण माझाच मुद्दा मान्य केलात. मैदान भरणे वा ओस पडणे याची कारणे तिकिटाच्या दरात, संघाच्या मालकीत, लोकांच्या आपलेपणात आहेत. ती कारणे दुरुस्त करण्याचे कष्ट नकोत, म्हणून सोपा उपाय काय, तर पडदा बंद करा! पडदा बंद केल्याने नावडते मैदान आवडते होत नाही. कोलकात्याचे पाहा. १३ जुलै १९९७, रविवार. सॉल्ट लेकच्या मैदानात फेडरेशन चषकाचा मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल हा उपान्त्य सामना पाहण्यास सुमारे एक लाख एकतीस हजार लोक लोटले होते. त्या काळी शहरांत केबल घरोघर पोहोचू लागली होती. तिने त्यांना घरी बांधून ठेवले नाही.

अमरावतीकर : ते दोन बलाढ्य संघ होते, वकीलसाहेब. हत्तींच्या झुंजीला प्रेक्षक कधीच कमी पडत नाहीत. माझी चिंता लहानांची आहे. आपल्याकडचेच सांगतो. रविवारी संध्याकाळचे कबड्डीचे सामने ठरवावयाचे झाले, की मंडळाची पोरे पाहुण्यांची तारीख घेण्याआधी भारताचा सामना किती वाजता आहे ते पाहतात. मैदानावर फक्की मारून झालेली असते, दिवे लागलेले असतात, पंच शिट्टी गळ्यात अडकवून उभे असतात, बाहेरगावचा संघ टेम्पोतून उतरलेला असतो. आणि कडेला प्रेक्षक कोण, तर खेळाडूंचे भाऊबंद आणि चहावाला. तेवढ्यात समोरच्या पानटपरीवरून चौकार गेल्याचा गलका होतो, आणि जी चार डोकी जमलेली असतात तीही तिकडे वळतात. चढाईला निघालेल्या पोराची नजर क्षणभर कडेच्या रिकाम्या जागेकडे जाते, ती मी पाहिलेली आहे. खेळाडूला इनामाहूनही बघ्यांची भूक अधिक असते. आमदंगलीत कुस्ती चितपट झाल्यावर जो फेटा उडे, तो हजार डोळ्यांनी पाहिला म्हणून त्या मल्लाला वर्षभराचे बळ देई. १९१४ पासून आमच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने याच मातीत मुले घडविली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे आपले देशी खेळ करून दाखविले. त्या मुलांचा पाया घरच्या मैदानावर, घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत घातला गेला होता.

अकोलेकर : आपली व्यथा मला कळते, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु पडदा काळा पडला म्हणजे काय होते, हे आपल्या विदर्भाने एकदा अनुभवले आहे. २१ जानेवारी २००७, रविवार. नागपुरात सदरच्या जुन्या मैदानावर भारत आणि वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना होता. गांगुली ९८ धावांवर बाद झाला, आपण १४ धावांनी जिंकलो. प्रक्षेपण-हक्कांची मक्तेदार कंपनी आणि दूरदर्शन यांचे बिनसले, आणि ज्याच्या घरी केवळ दूरदर्शन होते, त्याला हा सामना थेट दिसला नाही. अमरावतीपासून दीडशे किलोमीटरांवर खेळ चाललेला. आणि दर्यापूर-मूर्तिजापूरकडचा, गच्चीवर साधी अँटेना उभारलेला कास्तकार त्याला पारखा! दोन दिवसांनी दिल्ली उच्च न्यायालयाने तोडगा काढला, की उरलेले सामने दूरदर्शनने सात मिनिटे उशिराने दाखवावेत. २ फेब्रुवारीस वटहुकूम निघाला, आणि मार्चमध्ये संसदेने कायदाच केला, की सरकार जे सामने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर करील, त्यांचे प्रक्षेपण मक्तेदाराने प्रसार भारतीस दिलेच पाहिजे. मज्जाव कोणत्याही उदात्त हेतूने घाला, गुरुजी, त्याची झळ नेहमी साधनहीन माणसालाच लागते. साधन असलेला मनुष्य वाट काढतोच.

अमरावतीकर : त्या कायद्याला माझा विरोध नाही. पण नागपूरचा तो प्रसंग आणि इंग्लंडचा दंडक हे एकाच मापाने मोजू नका. तिथे मैदान जगावे म्हणून पडदा बंद ठेवला जातो. इथे करारातल्या हक्कासाठी बंद झाला होता.

अकोलेकर : भेद मान्य. पण प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले, तर अंधार तो अंधारच. आणि आमच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी बंगाल क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात एक मूलगामी तत्त्व सांगून ठेवले आहे. न्यायमूर्ती सावंत, मोहन आणि जीवन रेड्डी यांचे ते खंडपीठ. आकाशातल्या प्रक्षेपण-लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती ना सरकारची ना एखाद्या संघटनेची, आणि तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे, हे ते तत्त्व. त्या लहरींवरून जाणारा खेळ पाहण्यास मनाई करणारा मनुष्य लोकांच्याच मालमत्तेवर कुलूप लावीत असतो.

अमरावतीकर : लोकहित म्हणजे केवळ पाहणाऱ्याचे हित, असे तुमच्या न्यायालयाने तरी कुठे म्हटले आहे? खेळणाराही लोकांतलाच आहे. आता तुमच्या २००७ च्या कायद्याचेच पाहू. जाहिरातींच्या उत्पन्नाची वाटणी त्यात काय ठरली? दूरचित्रवाणीपुरती निदान पंचाहत्तर टक्के मक्तेदाराला आणि पंचवीस टक्के प्रसार भारतीला. रुपया तिथेच संपला. ज्या गल्लीबोळांत, ज्या शाळांच्या पटांगणांत तो खेळाडू प्रथम धावला, त्यांच्या नावाची एक पैही त्या वाटणीत नाही. प्रेक्षकाच्या हक्काची चिंता संसदेने वाहिली, न्यायालयाने वाहिली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसार भारतीला मिळणारे ते प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या यंत्रणेपुरते राहील, केबलवाल्यांना मिळणार नाही, असे ठरवून मक्तेदाराच्या हक्काचीही चिंता वाहिली. मैदानाची चिंता कोणत्या कलमात आहे?

अकोलेकर : हा आपला मुद्दा बिनतोड आहे, आणि वकील असलो तरी तो मी नाकारणार नाही. परंतु यातून निष्पन्न काय होते? मैदानाला उत्पन्नातला हिस्सा मिळाला पाहिजे. पडदा बंद करा, हे निष्पन्न होत नाही. इंग्लंडातही शिखर-श्रेणीच्या प्रक्षेपणाच्या पैशातून खालच्या श्रेणींना साह्य दिले जाते. बड्या संघांचा खेळ विकला गेल्यावर त्यातला भाग लहानांना पोहोचवावा, हीच दुर्बळांची खरी राखण. अंधारातून महसूल निर्माण होत नाही.

अमरावतीकर : पैसा नागपूरपर्यंत येतो, वकीलसाहेब. तिथून धारणीला किंवा बाळापूरला किती उतरतो, ते मला विचारू नका. आणि पैशाने पटांगण सपाट होईल. त्याच्या कडेला माणसे उभी राहणार नाहीत. शनिवारची संध्याकाळ प्रत्येकाला एकच मिळते. ती पडद्याने घेतली, तर पटांगणाला उरत नाही. परवाचीच गोष्ट सांगतो. २ मार्च २०२५, रविवार. जामठ्याला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस. आपल्या विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक जिंकला. त्याच दुपारी दुबईत भारताचा न्यूझीलंडशी सामना होता. आपल्या माणसांनी आपल्याच प्रांताचा विजय पाहावा की दुबईकडे डोळे लावावेत, हा प्रश्न वऱ्हाडातल्या किती घरांत निदान विचारला तरी गेला असेल?

अकोलेकर : समजा, दुबईचा सामना त्या दुपारी आपल्याकडे दाखविण्यास मनाई असती. अकोल्याचा मनुष्य अडीचशे किलोमीटर तुडवीत जामठ्याला गेला असता काय? इंग्लंडच्या दंडकामागे एक गृहीत आहे, आणि ते आपण विसरता. तिथे साखळीतले संघच ब्याण्णव आहेत. बर्न्लीसारख्या लहानशा गावालाही स्वतःचे मैदान, स्वतःचा संघ, स्वतःचा शनिवार आहे. पडदा बंद झाला, तर मनुष्य पायी वा बसने जाऊन खेळ पाहू शकतो, असे असल्यामुळेच त्या मनाईला काही अर्थ आहे. आपल्याकडे पडदा बंद झाला, तर मनुष्य जाईल कुठे? अमरावतीचा जितेश शर्मा, अकोल्याचा अथर्व तायडे ही आपल्या गावची मुले मोठी झाली. त्यांना मोठ्या स्पर्धांत खेळताना त्यांच्या गावकऱ्यांनी पाहिले ते बहुतांशी पडद्यावरच. त्या गावकऱ्यांना गॅलरी म्हणून तोच एक पडदा आहे. आणि आपली कबड्डी! २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि पडद्यावर आली, तेव्हा जी मुले कबड्डीला खेडवळ खेळ म्हणून नाके मुरडीत होती, तीच चढाईपटूंची नावे तोंडपाठ म्हणू लागली, हे आपणच मला सांगितले होते.

अमरावतीकर : सांगितले होते, आणि आजही सांगतो. पडद्याने खेळाचे नाव घरोघर नेले, हे खरे. पण नाव तोंडपाठ झालेली सगळी मुले पटांगणात उतरली नाहीत, हेही तितकेच खरे. कारण उतरावे असे पटांगणच त्यांच्यासमोर नव्हते. नझूलची जी मोकळी जागा आम्ही लहानपणी मैदान म्हणून वापरली, तिच्यावर आज गाळे उभे आहेत. जी मैदाने उरली, ती सभा, प्रदर्शने आणि लग्ने यांतून खेळाला सापडतील तेव्हा.

अकोलेकर : गुरुजी, आता आपण दोघे एकाच ठिकाणी येऊन पोहोचलो. आपल्याला प्रथम लढावयाचे आहे ते त्या गाळ्यांशी, पडद्याशी नव्हे.

अमरावतीकर : पोहोचलो खरे. फक्त एवढे लक्षात ठेवा, की पटांगण मिळाल्यावर त्याच्यासाठी काही वेळ राखून ठेवावाच लागेल. जागा आणि वेळ, दोन्हींवाचून खेळ जगत नाही. आणि वेळ राखावयाचा, तर बलिष्ठाला कुठे तरी थांब म्हणावेच लागते. बॉब लॉर्डने ते म्हटले, म्हणून मी त्याला मानतो.

येथे त्यांचे संभाषण संपले. दोन्ही पक्षांचे म्हणणे पुरतेपणी ऐकल्यावर माझा कौल असा आहे.

प्रक्षेपणावरील निर्बंध तत्त्वतः अन्याय्य आहे असे मला वाटत नाही. समाजातल्या दुबळ्या संस्थेसाठी सबळ संस्थेने आपला फायदा काही तास आवरावा, ही कल्पना सुसंस्कृत आहे, आणि इंग्लंडने ती इतकी वर्षे पाळली हे त्या समाजाला भूषणावह आहे. परंतु निर्बंधाचे समर्थन त्याने राखलेल्या वस्तूवरून होत असते. ज्या वावरात पेरणीच झालेली नाही, त्याला काटेरी कुंपण घालून काय राखावयाचे? वऱ्हाडात आज पडदा बंद केला, तर त्यामुळे एकही पटांगण भरणार नाही. फक्त दर्यापूरच्या कास्तकाराची संध्याकाळ रिकामी होईल. म्हणून मनाईच्या प्रश्नावर मी अकोलेकरांच्या बाजूने आहे.

पण मनाई नको म्हणणाऱ्यांवर एक जबाबदारी येऊन पडते, आणि तिथे मी पूर्णपणे अमरावतीकरांच्या बाजूने उभा राहतो. २००७ च्या कायद्यात उत्पन्नाची वाटणी ठरविताना जे पटांगण विसरले गेले, त्याचा हिस्सा त्या कायद्यात दुरुस्ती करून निश्चित टक्केवारीने घातला गेला पाहिजे. आणि तो हिस्सा राजधान्यांतल्या संघटनांच्या तिजोरीत न थांबता तालुक्याच्या मैदानापर्यंत पोहोचला पाहिजे, तोही हिशेब जाहीर करण्याच्या अटीवर. जिल्ह्याच्या विकास-आराखड्यात खेळासाठी राखलेली जागा दुसऱ्या कामास देण्याचा अधिकार कोणत्याही दफ्तराला असता कामा नये. दूरदर्शनच्या नागपूर केंद्राने आणि सह्याद्री वाहिनीने वऱ्हाडातल्या कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि फुटबॉलच्या अंतिम लढतींना थेट प्रक्षेपणात नियमित स्थान द्यावे. लहरी जर लोकांच्या मालकीच्या आहेत, तर त्यांवर तालुक्याच्या खेळाडूचाही हक्क पोहोचतो. आणि वेळेच्या राखणीसाठी हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. बडे सामने बहुधा दुपारी वा रात्री असतात. रविवारची सकाळ अद्याप कोणी विकत घेतलेली नाही. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील क्रीडामंडळांनी आपसांत ठराव करून ती सकाळ स्थानिक सामन्यांसाठी कायमची राखून ठेवावी.

वाचकांनाही माझी एक विनंती आहे. येत्या रविवारी सकाळी घराजवळच्या मैदानावर जो कोणता खेळ चालू असेल, तो पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत उभे राहून पाहा, आणि सोबत घरातल्या मुलांना न्या. संध्याकाळचा सामना पडद्यावर अवश्य पाहा. त्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. मात्र सकाळी आपण मैदानावर गेलो नाही, तर पडद्यावर दिसणारा उद्याचा खेळाडू वऱ्हाडचा असेल, अशी अपेक्षा धरण्याचा हक्क आपल्याला उरणार नाही.